पोरांना घेऊन 'अ किड इन किंग आर्थर्स कोर्ट' कसा बघायचा (रिमोट हातात धरून)

हा पिक्चर फार भारी आहे असं मी अजिबात म्हणणार नाही, ते आधीच सांगून टाकते. 1995 चा, डिस्नीचा, दिग्दर्शक मायकल गॉटलिब, लांबी दीड तासाला एखाद मिनिट कमी. गोष्ट साधी आहे, कॅलिफोर्नियातला कॅल्विन नावाचा एक शाळकरी पोरगा बेसबॉल खेळत असतो, मधेच भूकंप होतो, जमिनीला भेग पडते आणि हा सॅकसकट थेट इंग्लंडच्या दंतकथांमधल्या राजा आर्थरच्या जमान्यात. तिथे थकलेला राजा, दोन राजकन्या, गादीवर डोळा ठेवून बसलेला एक सरदार, आणि विहिरीतून बोलणारा जादूगार मर्लिन. पुढे काय होणार ते तुम्हाला दहाव्या मिनिटाला कळतं आणि पोरांना पंधराव्या.

तरीपण सुट्टीत घरात आठ ते चौदा वयाची पोरं जमली की मी हाच लावते. का, तर यात इतिहासाच्या चुका खच्चून भरल्यात, आणि मोठ्यांच्या चुका पकडण्यात पोरांना जी मजा येते ती पॉपकॉर्नमध्येपण येत नाही. चांगला बनवलेला ऐतिहासिक पिक्चर असला की पोरं गप्प बसून बघतात आणि विसरून जातात, पण असला ढिसाळ पिक्चर बघताना ती भांडतात आणि भांडून जे कळतं ते बरोब्बर लक्षात राहतं. फक्त ते भांडण नीट लावून द्यायला हवं, तर ते कसं करायचं ते सांगते.

आधीची तयारी फारशी नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुरू करण्याआधी भाषण द्यायचं नाही. "बरं का मुलांनो, मध्ययुग म्हणजे" असं म्हणालात की संपलं, अर्धी पोरं आतल्या खोलीत. एवढंच सांगायचं की हा मुलगा जुन्या काळात जातो, आणि पिक्चरवाल्यांनी खूप ठिकाणी आपल्याला फसवलंय, ज्याला फसवाफसवी दिसेल त्याने "थांब" म्हणून ओरडायचं. रिमोट मात्र एकाच मोठ्या माणसाच्या हातात, नाहीतर दर मिनिटाला पॉज होतो आणि आजी वैतागतात. मी साधारण पाच-सहा थांबे मनात ठरवून ठेवते, बाकीच्या वेळी ओरडले तर "लिहून ठेव, नंतर बोलू" म्हणते, त्यासाठी एक वही आणि पेन मधोमध ठेवायचं. इंग्रजी कळण्याचा प्रश्न असेल तर सबटायटल लावा आणि लहानग्यांच्या शेजारी कुणीतरी बसून हळू आवाजात मराठीतून सांगत राहा, मावश्या-आत्यांना हे काम छान जमतं, बाबा लोक स्वतःच बघत बसतात. वयाचं म्हणाल तर अमेरिकेत याला पीजी रेटिंग आहे, म्हणजे लहानांना दाखवताना मोठ्यांनी लक्ष ठेवावं असं, तलवारबाजी आहे पण रक्तबिक्त नाही, राजकन्येला पळवून नेतात तो भाग अगदी चिमुरड्यांना घाबरवू शकतो, तिथे मांडीवर घ्यायचं, बास.

मोठ्यांसाठी एक आमिष हवंच, नाहीतर ते पहिल्या वीस मिनिटांत मोबाईल काढतात. ते आमिष म्हणजे नटनट्या. मोठी राजकन्या सारा म्हणजे केट विन्स्लेट, 'टायटॅनिक' च्या दोन वर्षं आधीची. तिच्यावर प्रेम करणारा, तलवार शिकवणारा मास्टर केन म्हणजे चक्क डॅनियल क्रेग, जो 2006 मध्ये जेम्स बाँड झाला. आणि व्हिलन लॉर्ड बेलास्को म्हणजे आर्ट मलिक, जन्म पाकिस्तानातल्या बहावलपूरचा, ज्याला आपण सगळ्यांनी 'भाग मिल्खा भाग' मध्ये मिल्खाचा बाप म्हणून बघितलंय. ही नावं आधी फोडायची नाहीत, "यातले तीन जण नंतर खूप मोठे झाले, ओळखा" एवढंच म्हणायचं, मग काका लोकसुद्धा चष्मा लावून बसतात. मर्लिन झालेला रॉन मूडी हा त्यातला कसलेला नट, गंमत म्हणजे डिस्नीच्याच 1979 च्या अशाच एका पिक्चरमध्येही तोच मर्लिन होता.

पहिला थांबा अगदी सुरुवातीला, भूकंपाला. कॅल्विन राहतो ते रेसिडा हे लॉस एंजेलिसमधलं खरं ठिकाण आहे, आणि 17 जानेवारी 1994 ला तिथे जो 6.7 मॅग्निट्यूडचा मोठा भूकंप झाला, जो नॉर्थरिज भूकंप म्हणून ओळखला जातो, त्याचं केंद्र याच रेसिडात होतं. पिक्चर आला दुसऱ्याच वर्षी. म्हणजे तिथल्या प्रेक्षकांना हा प्रसंग नुसती जादू वाटली नसणार, त्यांच्या घरातली कपाटं पडून फार दिवस झाले नव्हते. पोरांना विचारायचं, भूकंपात जमीन अशी जबडा उघडून माणूस गिळते का? बहुतेक सगळे "हो" म्हणतात कारण पिक्चरमध्ये तेच बघितलंय. खरं तर भेगा पडतात, जमीन सरकते, दरड कोसळते, पण माणसं दगावतात ती मुख्यतः इमारती अंगावर पडून. किल्लारीचं नाव घरातल्या कुणीतरी काढतंच, ते काढू द्या, 1993 ची आठवण मोठ्यांकडून ऐकणं हे पिक्चरपेक्षा मोलाचं आहे, पण दोन मिनिटांत आवरा नाहीतर पोरगा भेगेतच राहील.

इथेच अजून एक गोष्ट आपोआप होते. कॅल्विनच्या सॅकमधून सीडी प्लेअर निघतो आणि आजची पोरं विचारतात "हे काय आहे?" म्हणजे पिक्चरवाल्यांच्या मते हा आजचा मुलगा आणि आपल्या पोरांच्या मते तोच पुराणकाळातला. मोबाईल नाही, नेट नाही, गाणी ऐकायला ताटलीएवढं यंत्र. मला तर वाटतं पिक्चरमधला सगळ्यात चांगला विनोद हाच आहे आणि तो बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हता. घरात माळ्यावर जुना सीडी प्लेअर पडला असेल तर तो आधीच खाली काढून ठेवा, चालू नसला तरी चालेल.

दुसरा थांबा किल्ल्याला. आता दिवाळीत मातीचा किल्ला करणारी आपली पोरं, बुरूज, तटबंदी, दिंडी दरवाजा, माची सगळं त्यांना पाठ, त्यामुळे इथे ती लगेच तज्ज्ञ होतात. माझी पुतणी पहिल्यांदा बघताना म्हणाली, "काकू, हा भुईकोट आहे, डोंगर कुठाय?" बरोबर बोलली. त्यांचे बरेच किल्ले सपाटीवर किंवा टेकाडावर, बाहेरून खंदक. (शूटिंग बरंचसं हंगेरीत झालंय हे मात्र तिला नंतर सांगितलं.) पण खरी चूक वेगळीच आहे आणि ती मोठ्या पोरांकडून काढून घ्यायची. आर्थर नावाचा कुणी राजा खरंच होता का यावर अजून एकमत नाही, पण असलाच तर तो साधारण पाचव्या-सहाव्या शतकातला. रोमन लोक ब्रिटन सोडून गेले 410 च्या आसपास, मग बाहेरून सॅक्सन टोळ्या यायला लागल्या, आणि त्यांच्याशी लढणारा एक स्थानिक सेनापती अशी ती मूळ गोष्ट. त्या काळात तिकडे असले उंच दगडी किल्ले नव्हते, ते आले 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर. म्हणजे पिक्चरमधला आर्थर जवळजवळ पाचशे वर्षं पुढच्या घरात राहतोय.

मग पोरं विचारतात की असं का केलं? तर गोष्टी अशाच वाढतात. 1136 च्या सुमाराला जेफ्री ऑफ मन्मथ नावाच्या माणसाने लॅटिनमध्ये आर्थरची लंबीचौडी कथा लिहिली, 1155 मध्ये वास नावाच्या कवीने त्यात आर्थरच्या सरदारांना बसायचं गोलमेज घातलं, फ्रेंच कवी क्रेतियाँ द त्र्वाने लॅन्सलॉट नावाच्या सरदाराच्या गोष्टीत आर्थरच्या दरबाराच्या जागेचं, म्हणजे कॅमेलॉटचं, नाव आणलं, आणि मग थॉमस मॅलरीने सगळं एकत्र करून लिहिलेला ग्रंथ 1485 मध्ये कॅक्स्टनने छापला. प्रत्येकाने आपल्या काळाचे कपडे आर्थरला चढवले. पिक्चरवाल्यांनी शेवटी त्याला सीडी प्लेअर ऐकवला एवढंच. मोठ्या पोरांना यातलं सगळं सांगा, लहानांना फक्त गोलमेजाची गोष्ट सांगा, कारण ते मेज बघायला मिळतं: इंग्लंडमध्ये विंचेस्टरला एका जुन्या दरबारात भिंतीवर टांगलेलं आहे, साडेपाच मीटर रुंद, चोवीस सरदारांची नावं आणि राजाचं चित्र. शेकडो वर्षं लोक ते आर्थरचंच समजत होते. नंतर लाकूड तपासलं तर ते निघालं तेराव्या शतकातलं, आणि वरचं चित्र तर आठव्या हेन्रीने काढून घेतलेलं. मेजाचा फोटो मोबाईलवर आधी काढून ठेवा, ऐनवेळी शोधत बसलं की रंग जातो.

सीडी प्लेअरवर मोठ्ठ्याने गाणं लावून कॅल्विन दरबार गार करतो तिथे तिसरा थांबा. प्रश्न असा टाकायचा: समजा तुम्ही गेलात, तुमच्याकडे काहीच नाही, दप्तरपण नाही, तर तुम्ही जादूगार आहात हे कसं पटवाल? हा प्रश्न मूळ गोष्टीतला आहे. या सगळ्या पिक्चरांचा आजोबा म्हणजे अमेरिकन लेखक मार्क ट्वेनची 1889 ची कादंबरी, 'अ कनेक्टिकट यांकी इन किंग आर्थर्स कोर्ट', तिच्यात बंदुकांच्या कारखान्यातला एक फोरमन डोक्यात पहार बसून बेशुद्ध पडतो आणि जागा होतो तो 528 साली. त्याला जाळायला नेतात तेव्हा त्याला आठवतं की त्या दिवशी सूर्यग्रहण आहे, आणि "मी सूर्य विझवतो" म्हणून तो सगळ्यांची पाचावर धारण बसवतो. पोरांना ही ट्रिक जाम आवडते. कोलंबसने हे खरोखर केलं होतं, 1504 मध्ये जमैकात अडकला असताना चंद्रग्रहणाची भीती घालून त्याने तिथल्या लोकांकडून धान्य मिळवलं.

आता खरा बॉम्ब टाकायचा. हीच ट्रिक 528 साली भारतात चालली असती का? थोडा वेळ विचार करू द्या. आर्यभटाने 'आर्यभटीय' लिहिलं 499 मध्ये, त्यात पृथ्वीची आणि चंद्राची सावली पडून ग्रहण कसं लागतं ते आणि त्याचं गणित सगळं आहे. म्हणजे तुम्ही "मी सूर्य विझवतो" म्हणालात तर दरबारातला ज्योतिषी म्हणाला असता, "माहितीये, बसा खाली, सुटायची वेळपण सांगू का?" आमच्याकडे या वाक्याला नेहमी हशा पडतो. ट्वेनसाहेब स्वतः 1896 मध्ये मुंबईत आले होते, वॉटसन हॉटेलात उतरले होते, काळाघोड्याजवळची ती लोखंडी सांगाड्याची इमारत अजून उभी आहे, जाता-येता पोरांना दाखवा.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवते तो सायकलवर. कॅल्विन त्या जमान्यात चक्क माउंटन बाइक बनवून घेतो, आणि पोरं टाळ्या वाजवतात, आणि मी पॉज करते. कुणाची सायकल पार्किंगमध्ये असेल तर सरळ घरात आणा, मी तर खाली वर्तमानपत्र पसरून हॉलमध्येच आणते. मग एकेका भागावर बोट ठेवायचं आणि विचारायचं की हे गावचा लोहार करेल का. फ्रेम? लोखंडी दांडे ठोकून करेल, पोकळ नळी जमणार नाही, म्हणजे वजन मरणाचं. चाकं? सुताराला बैलगाडीची चाकं येतात, तशी बारीक करेल, लोखंडी धाव बसवेल. टायर? इथे गाडी थांबते. रबराचं झाड अमेरिका खंडातलं, युरोपाला 1492 आधी त्याचा पत्ताच नाही, आणि रबर गंधक घालून तापवून टिकाऊ करायची युक्ती चार्ल्स गुडइयरला सापडली 1839 मध्ये, हवेचा टायर डनलॉपचा 1888 चा. चेन? ती नीट हात लावून बघायला सांगा, एकेक कडी मोजायला लावा, प्रत्येक कडीत पिन, पिनवर बारीक नळी, सगळ्या अगदी एकाच मापाच्या, एक जरी इकडेतिकडे झाली तरी दात्यावरून उडते. असली रोलर चेन हान्स रेनॉल्डने केली 1880 मध्ये. हाताने ठोकून एवढी अचूक करायची तर लोहाराचं आयुष्य जाईल. आणि बेअरिंगचे छर्रे तर विसराच. माझा भाचा बोटं काळी करून घेऊन बराच वेळ चेन फिरवत बसला आणि मग म्हणाला, "मावशी, म्हणजे एक सायकल करायला आधी अख्खा कारखाना करावा लागेल."

हेच ते. हे वाक्य पोरांच्या तोंडून आलं पाहिजे, तुम्ही बोलायचं नाही. वस्तू माहीत असणं वेगळं आणि ती बनवता येणं वेगळं.

पण मग लगेच उपायपण द्या, नाहीतर पोरं हिरमुसतात. 1817 मध्ये कार्ल ड्रायस नावाच्या जर्मन माणसाने दोन चाकांची एक लाकडी गाडी केली, पेडल नाही, चेन नाही, वर बसायचं आणि पायाने जमीन ढकलत पळायचं, हल्ली लहान मुलांना बॅलन्स बाइक मिळते ना, तस्शीच. ती मात्र सुतार आणि लोहार मिळून कुठल्याही शतकात करू शकले असते, कुणाच्या डोक्यात आलं नाही एवढंच. कॅल्विनने ती केली असती तर मी त्याला पैकीच्या पैकी दिले असते. ट्वेनच्या पुस्तकातपण शेवटाकडे सरदार सायकलींवरून राजाला सोडवायला येतात, आणि 1889 साली सायकल ही अगदी ताजी फॅशन होती, पुढेमागे सारखी चाकं असलेली आजच्यासारखी सायकल 1885 चीच. तेव्हाच्या वाचकाला ते चित्र किती खदखदून हसवत असेल.

चाकांच्या बुटांची एक मजा सांगायची राहिली, स्केट्स दिसले की सांगा. चाकाचे स्केट्स करणारा पहिला म्हणून ज्याचं नाव घेतात तो अठराव्या शतकात लंडनमध्ये राहणारा बेल्जियन कारागीर, आणि त्याचं आडनाव काय, तर मर्लिन! जॉन जोसेफ मर्लिन. एका पार्टीत हा स्केट्स घालून व्हायोलिन वाजवत आला, ब्रेक नव्हता, जाऊन मोठ्या आरशावर आदळला, आरसा फुटला, व्हायोलिन फुटलं, स्वतः जखमी. पिक्चरमध्ये हा प्रसंग घातला असता तर कुणी खरा मानला नसता.

चिलखत आणि भालेबाजी हा चौथा थांबा, हा उभं राहून करायचा. पोरांना वाटतं चिलखत घातलेला सरदार पडला की उठताच येत नाही. तसं नाही. पंधराव्या शतकातलं डोक्यापासून पायापर्यंतचं पोलादी चिलखत साधारण 20 ते 25 किलो, पण ते सगळ्या अंगावर वाटलेलं असतं, त्यामुळे घालून पळता येतं, घोड्यावर चढता येतं. घरात करून बघायचं असेल तर दोन किलो कणीक एका हातात धरून चालायला लावा, मग तीच पाठीवरच्या दप्तरात टाकून, फरक लगेच कळतो. (25 किलोचा तांदळाचा कट्टा कुणाच्या पाठीवर देऊ नका, आमच्याकडे एका काकांनी हौसेने उचलला आणि मग दोन दिवस शेकत बसले.) आर्थरच्या खऱ्या काळात हे पत्र्याचं चिलखत नव्हतंच, ज्याला परवडेल तो कड्यांची जाळी घालायचा, बाकीचे ढाल आणि देवावर भरवसा. पोरांना खरं चिलखत बघायचं असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचं म्हणून ठेवलेलं आहे, आणि पुण्यात केळकर संग्रहालयात शस्त्रं आहेत.

कॅल्विनला सरदार करायचं प्रशिक्षण देतात ते बघून विचारा, खरं किती वर्षं लागायची? सातव्या वर्षी मुलगा दुसऱ्या सरदाराच्या घरी चाकरीला जायचा, चौदाव्याला त्याचा ढालकरी व्हायचा, घोडा सांभाळ, चिलखत घास, आणि एकविसाव्याच्या आसपास सरदारकी. चौदा वर्षांचा कोर्स! याने काही दिवसांत उरकला. आणि भाल्यांच्या सामन्यात मजा वाटते तेवढं ते निरुपद्रवी नव्हतं, फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री 1559 मध्ये असल्याच खेळात भाल्याची ढलपी शिरस्त्राणातून डोळ्यात शिरल्यामुळे दगावला.

खेळून बघायचा असेल तर त्यांचा सरावाचा एक प्रकार सोपा आहे, भाल्याच्या टोकाने टांगलेली कडी उचलायची. दाराच्या चौकटीला दोऱ्याने प्लॅस्टिकची बांगडी टांगा, काचेची नको, दोरा असा बांधा की ओढला की सुटेल. पोराच्या हातात लाटणं किंवा पडद्याचा जुना दांडा, आणि पळत येऊन बांगडी उचलायची, थांबायचं नाही. पहिल्या फेऱ्यांत सगळे चौकटीवर आदळतात म्हणून बाजूला उशा लावा. ज्याला जमेल त्याला दुसरी फेरी एक डोळा झाकून, म्हणजे शिरस्त्राणाच्या फटीतून किती दिसत असेल त्याचा अंदाज येतो. हे सुरू झालं की पिक्चर परत लावायला पोरं तयार होत नाहीत हे गृहीत धरा, सरळ मध्यंतर जाहीर करा आणि खायला द्या.

खाण्यावरून आठवलं. भाषा आणि जेवण हे दोन विषय वहीत लिहून ठेवलेले असतात, ते मध्यंतरातच उरकायचे. भाषेचं असं की कॅल्विन जातो आणि लगेच सगळ्यांशी गप्पा मारतो. सहाव्या शतकात तिथे बोलायचे ती भाषा आजच्या वेल्श भाषेची पूर्वज, त्यातलं त्याला ओ की ठो कळलं नसतं. पोरांना पटत नाही, मग घरातली 'ज्ञानेश्वरी' काढायची, 1290 ची, आणि मधलंच कुठलंतरी पान मोठ्याने वाचायला द्यायचं. आपलीच भाषा, जेमतेम सव्वासातशे वर्षं जुनी, आणि आजोबांना विचारल्याशिवाय चार ओळी पुढे जाता येत नाही. कॅल्विन तर त्याच्याही खूप मागे गेलाय.

जेवणाचं म्हणजे, समोर फ्रेंच फ्राइज ठेवा आणि सांगा की आर्थरला हे मिळालं नसतं. बटाटा, टोमॅटो, मका, मिरची, चॉकलेट, सगळं अमेरिका खंडातलं, कोलंबसनंतर बाहेर आलेलं. मग पोरं आपोआप आपल्याकडे वळतात, "म्हणजे ज्ञानेश्वरांच्या वेळी वडापाव नव्हता?" नव्हता. बटाटा नव्हता, मिरची नव्हती, पावपण पोर्तुगीजांच्या मागून आला. तिखट लागायचं ते मिऱ्याचं. या माहितीने घरातली आजीसुद्धा चकित होते, आमच्याकडे सासूबाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

काळ्या पोशाखातला सरदार येतो त्याच्याबद्दल मात्र थांबायचं नाही, सांगायचं नाही, आणि कुणी आधी बघितलेलं असेल त्याला आत पाणी आणायला पाठवायचं. तो कोण आहे ते शेवटी कळतं तेव्हा मुलींचे चेहरे बघा. त्यानंतर मग जोन ऑफ आर्कची गोष्ट सांगा, शेतकऱ्याची पोर, पुरुषी चिलखत घालून 1429 मध्ये फ्रेंच फौजेबरोबर लढायला गेली, एकोणिसाव्या वर्षी इंग्रजांच्या ताब्यात असताना तिला जाळलं. आधी सांगितलीत तर पिक्चरचा सगळा जीव गेला म्हणून समजा.

संपल्यावर दप्तराचा खेळ. प्रत्येकाने पाच वस्तू कागदावर लिहायच्या, ज्या घेऊन तो आर्थरच्या काळात जाईल. नियम: वीज नाही, परत येऊन काही न्यायचं नाही, आणि वस्तू कशी वापरणार ते उभं राहून सांगायचं. पहिली वस्तू शंभर टक्के मोबाईल. तो खोडू नका, उलटतपासणी घ्या. नेटवर्क नाही म्हणजे फोन नाही, नेट नाही, मॅप नाही कारण वर उपग्रहच नाहीत. काय चालेल? टॉर्च, कॅमेरा, कॅल्क्युलेटर, आणि होकायंत्र चालेल कारण ते पृथ्वीच्या चुंबकावर चालतं. किती वेळ? एक-दोन दिवस, मग काचेचा तुकडा. कुणी सोलर चार्जर म्हणालं तर त्याला मानायचं, इंग्लंडच्या पावसात किती चालेल ते त्याचं तो बघेल. काडेपेटी चांगली, घासून पेटणाऱ्या काड्या 1826-27 च्या. चष्मा तर सोन्याच्या भावाने जाईल, तो तेराव्या शतकाच्या शेवटी इटलीत आला. औषधं म्हणालं तर विचारायचं, पाकिट संपल्यावर काय? पेनिसिलीन 1928 ला सापडलंय.

आणि एखादं शहाणं पोर म्हणतं "बटाटे". आमच्याकडे सगळ्यात धाकटीनेच लिहिलं होतं, बाकीचे हसले. पण विचार करा, पुरले की वाढतात, पुढच्या वर्षी दहापट, बॅटरी लागत नाही, अख्ख्या राज्याचा दुष्काळ हटवू शकतात. त्या वेळी तिला मी नंबर एक दिला आणि थोरल्याने तासभर तोंड फुगवलं.

एक प्रश्न येणारच, "शिवाजी महाराजांच्या काळात गेलो तर?" येऊ द्या, पण त्याच संध्याकाळी सुरू करू नका. आर्थर ही दंतकथा आहे, तिथे ठोकून दिलेलं चालतं, कुणी काही विचारत नाही. महाराजांचा काळ म्हणजे पत्रं, बखरी, तारखा, माणसांची नावं, तिथे पोरांनी प्रश्न विचारला की तुम्हाला पुस्तक काढावं लागेल. त्यासाठी वेगळा दिवस ठेवा आणि आधी स्वतः वाचून बसा.

याचा दुसरा भागही निघाला होता 1997 मध्ये, हाच कॅल्विन अल्लाउद्दीनच्या महालात, पण पोरांनी फारच हट्ट केला तरच लावा. त्यापेक्षा वाचणारं पोर असेल तर ट्वेनचं पुस्तक द्या, फक्त लहानांसाठीची संक्षिप्त आवृत्ती बघून द्या. पूर्ण पुस्तक नववी-दहावीच्या आत नको, कारण सुरुवातीचे विनोद वाचून वाटतं की हे पिक्चरसारखंच असणार, आणि शेवटी तो फोरमन विजेच्या तारा आणि मशीनगन लावून पंचवीस हजार सरदारांना मारून टाकतो, पानंच्या पानं प्रेतांचा खच. मोठ्या पोरांना दिलंत तर ते प्रकरण आधी तुम्ही वाचा, कारण रात्री जेवताना त्यावर प्रश्न येतातच.